वावटळीच्या पोटात

लग्न होऊन मी घनसावंगीला आले, त्याच उन्हाळ्यात मला कळलं की माझ्या नवऱ्याला गाव तोंडावर मास्तर म्हणतं आणि पाठीमागे वावटळ्या.

त्याला कारणही होतं. चैत्रातल्या भर दुपारी सगळं गाव दारं लोटून सावलीला पडलेलं असायचं, तेव्हा हे डोक्याला पंचा गुंडाळून गावाखालच्या नांगरटीच्या कडेला उभे असत. लहानपणीच्या तापात त्यांचा डावा पाय बारीक पडला होता, म्हणून काठीवर रेलून. खांद्याला भुशाची पिशवी. काळ्या रानातून वावटळ उठली की तिच्याकडे मूठभर भुसा उधळायचा आणि तो कोणत्या अंगानं फिरतो ते बघायचं. कधी तो उजवीकडून फिरे, कधी डावीकडून. घरी येऊन मला सांगत, "दोन्हीकडून फिरतात गं. हिला एक ठरलेली बाजूच न्हाई." जणू एखाद्या पाहुण्याची सवय सांगावी तसं.

ते गावच्या वस्तानिया शाळेत, म्हणजे मिडल स्कूलात, विज्ञान शिकवायचे. हैदराबाद संस्थानात शिक्षण उर्दूतून. घरात मराठी बोलणारा हा माणूस शाळेत मुलांना हवा, पाणी, उष्णता सगळं उर्दूत समजावून सांगायचा. हेडमास्तर मुसलमान होते, हैदराबादला शिकलेले, आणि यांच्यावर त्यांचा फार जीव. त्यांच्याकडे एक जाडजूड उर्दू पुस्तक होतं. त्यात अमेरिकेतल्या तुफानांचं वर्णन होतं: काळ्या ढगातून हत्तीच्या सोंडेसारखा भोवरा खाली लोंबतो आणि घरांची छपरं उचलून नेतो. त्या सोंडेच्या पोटात हवा इतकी विरळ असते की बंद घर आतून फुगल्यासारखं होतं, असं त्या पुस्तकाचं म्हणणं.

या दोघांचा वाद त्यावरूनच चाले. आमच्या ओट्यावर बसून हेडमास्तर म्हणत, "मास्तर, वो तुफान ढगातून उतरतं. तुमची वावटळ जमिनीतून उठते. दोघांचं नातं काय?"

"उठण्याची रीत वेगळी आहे, साहेब," हे म्हणत. "नांगरलेली काळी जमीन तापते, शेजारी उसाचं गार रान असतं, मंग तापलेली हवा वर धावते आणि धावताना गरगरते. पण एकदा गरगरायला लागली की पोटात काय होतं? तिथंही हवा विरळ होते का? हे कोणी मोजलंय?"

"कुणी मोजलं असेल तर मला माहीत न्हाई. तुम्ही मोजा."

मी दाराआड उभी राहून हे ऐकायची. माझं माहेर राजूरचं. आमच्याकडं वावटळ आली की बायका पदर तोंडावर ओढून थुंकत, पुरुष पायातली वहाण काढून तिच्या अंगावर भिरकावत. तिच्या पोटात भूत बसलेलं असतं आणि बाईमाणूस सापडलं तर ते धरतं, हे मला पाळण्यापासून माहीत होतं. आणि इथं माझा नवरा त्या पोटात हात घालायला निघाला होता.

यंत्र त्यांनी घरीच केलं. दवाखान्यातून आणलेली रुंद तोंडाची बाटली, तिला घट्ट बूच. बुचातून एक काचेची नळी तळापर्यंत उतरवलेली, वरून उघडी. बाटलीत थोडं पाणी. मला बसवून त्यांनी समजावलं. "बाटलीत हवा कोंडलेली आहे. बाहेरची हवा विरळ झाली की आतली हवा पाण्याला दाबणार, आणि पाणी नळीत वर चढणार. किती चढलं ते बघितलं की बाहेर हवा किती विरळ झाली ते कळणार." बाटली उन्हानं तापली तर आतली हवा फुगेल आणि पाणी उगाच चढेल, म्हणून ती एका दुरडीत ठेवून भोवती पिंजलेला कापूस गच्च भरला. बुचाला आणखी एक बारीक भोक ठेवलं. वावटळ अंगावर येईपर्यंत ते उघडं, आणि अगदी आली की मेणाच्या गोळीनं बंद करायचं.

सगळं बराबर होतं. फक्त एक अडचण होती. वावटळीच्या धुळीत नळीकडं बघणार कोण? पाणी क्षणभर चढणार आणि लगेच उतरणार. ते किती चढलं होतं याची खूण राहायला पाहिजे होती. हे चार दिवस चिडचिडत होते. जेवताना ताटातल्या वरणाकडं बघत बसायचे.

त्या दिवशी मी परसात कुंकू करायला बसले होते. हळकुंडाच्या पिवळ्या पुडीवर चुन्याची निवळी शिंपडली की ती लाल होते, हे प्रत्येक बाईला ठाऊक. माझी बोटं लाल झाली, आणि मी तशीच उठून आत गेले.

"अहो, नळीला आतून हळद लावली तर? आणि बाटलीत साध्या पाण्याऐवजी चुन्याची निवळी?"

त्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग काठी न घेताच लंगडत परसात धावले. हळद पाण्यात कालवून नळीतून फिरवली, उन्हात वाळवली, बाटलीत निवळी भरली आणि नळीच्या तोंडातून पाणी जरा वर ओढलं. सोडून दिल्यावर पाणी खाली गेलं, पण जिथवर ते चढलं होतं तिथवर नळी लालभडक झाली होती. वर पिवळी. मध्ये सुरीनं कापल्यासारखी रेघ.

"आई!" ते ओरडले. "आई, बाहेर ये! तुझ्या सुनंनं काय केलं बघ!"

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी नळी बघितली, मला बघितलं आणि म्हणाल्या, "कुंकू सांडलं का काय?"

आता बाटली घेऊन वावटळीत जायचं कोणी? यांचा पाय असा. शाळेचा शिपाई अंगानं धिप्पाड, तो तयार झाला. वावटळ उठली, शिपाई दुरडी छातीशी धरून सुटला. नांगरटीच्या ढेकळांवरून असा धावला की वावटळीच्या आधीच पाणी हिंदकळून नळीच्या टोकाला गेलं आणि सगळी नळी लाल झाली. दुसऱ्यांदा तो वावटळीच्या तोंडापर्यंत गेला, आणि तिथून उलटा पळत आला तो थेट मारुतीच्या देवळात.

यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "धावायचं कशाला? घागर अशी नेतात का कुणी?"

"मंग कशी?"

मी फडक्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली, दुरडी तिच्यावर ठेवली आणि अंगणात चालून दाखवलं. उंबरा ओलांडला, ओटा उतरले, परत चढले. त्यांनी नळी बघितली. रेघ जागची हलली नव्हती. राजूरला आमची विहीर उताराखाली होती. मी परकरात होते तेव्हापासून भरल्या घागरी चढावर आणल्या होत्या. त्यात काय एवढं.

त्यांनी दुरडी माझ्या डोक्यावरून उतरवली. आता काय बोललं जाणार ते दोघांनाही कळलं होतं.

"तू जाशील?" त्यांनी हळूच विचारलं. "भीती वाटत असंल तर न्हाई म्हण. बिलकुल न्हाई म्हण."

"वाटती," मी म्हटलं. "पण जाते."

सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. "अरे, नवी पोर आहे ती! कुणी धरलं तर तिच्या बापाला काय सांगू? काय करून राह्यलास तू?" दोन दिवस त्या यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः माझ्या कासोट्याला घट्ट गाठ मारली, पदर कमरेला खोचला आणि कपाळाला अंगारा लावला. म्हणाल्या, "जायचंच आहे तर जल्दी जा आन् जल्दी ये."

बांधावर गाव जमलं होतं. हेडमास्तर छत्री घेऊन उभे. ऊन नुसतं नाचत होतं. बराच वेळ काहीच नाही. मग उसाच्या फडापलीकडं धूळ हलली, पालापाचोळा गोल फिरायला लागला आणि बघता बघता ताडाएवढा खांब उभा राहिला. तो रानातून डुलत डुलत माझ्याकडं यायला लागला. आवाज सुपात धान्य पाखडावं तसा, पण मोठा, चहूबाजूंनी.

मी वर हात करून मेणाची गोळी भोकात दाबली आणि चालायला लागले. मान ताठ, नजर समोर. आधी पायाला कुसळं टोचावीत तशी माती लागली. मग लुगडं अंगाला आवळलं गेलं, तोंडात धूळ, कानात नुसता सूं सूं. डोळे मिटले. मनात आलं, आता धरणार. आणि एकाएकी वारा थांबला.

मी डोळे किलकिले केले. भोवती मातीची भिंत गरगरत होती आणि मी तिच्या आत उभी. डोक्यावर आभाळाचा निळा तुकडा, थाळीएवढा. एक वाळलेलं पान माझ्या नाकासमोरून सावकाश वर चढत गेलं. तिथं कोणी नव्हतं. भूत नव्हतं, काही नव्हतं. गरम हवा आणि मी. मला हसू फुटलं. तेवढ्यात दुसरी भिंत अंगावर आली, मला ढकलून पुढं गेली, आणि मी उन्हात उघड्या रानात उभी होते. डोक्यावरची दुरडी तशीच.

मी हसत हसतच बांधाकडं आले. सासूबाईंनी माझे खांदे धरून गदागदा हलवले. "बोल! नाव सांग तुझं!"

"अहो आत्याबाई, मीच आहे."

यांनी नळी बाहेर काढली. लाल रेघ चांगली बोटभर वर चढली होती. हेडमास्तरांनी छत्री टाकून दिली आणि यांना मिठी मारली. बांधावर असा गलका उठला की उसातली पाखरं उडाली.

पण गोष्ट इतक्यात संपायची नव्हती. हेडमास्तरांचे एक जुने वर्गमित्र हैदराबादच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. लग्नकार्यासाठी ते जालन्याला आले होते, तिथून मोटारीनं आमच्याकडं आले. काळी शेरवानी, बारीक चष्मा. त्यांनी नळी उजेडात धरून बघितली, सगळं ऐकलं आणि विचारलं, "अत्तराची फवारायची बाटली बघितलीय? नळीच्या तोंडावरून जोरात हवा फुंकली की खालचं अत्तर आपोआप वर येतं. वाऱ्यात तुमच्या नळीचं तोंड उघडंच होतं. हे पाणी वावटळीच्या पोटानं चढवलं की नुसत्या वाऱ्यानं, कशावरून सांगणार?"

सासूबाईंना उर्दू अर्धमुर्धं कळे. त्या आतून म्हणाल्या, "माझी सून जिवंत आत जाऊन आली, आन् ह्यो म्हणतो फुंकर लागली!" पाहुणे हसले. हे मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "साहेब, तुमचं खरं आहे. मला हे सुचायला पाहिजे होतं. तपासून बघतो."

तपासायला सरळ वारा पाहिजे होता, गोल न फिरणारा. वैशाखात एका संध्याकाळी तो आला. वडीगोद्रीच्या बाजूनं आभाळ काळवंडलं आणि असा वारा सुटला की धाब्यावरच्या, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावरच्या, टोपल्या उडाल्या. आम्ही दोघं दुरडी घेऊन धाब्यावर चढलो. तोंड उघडं असलेली नळी वाऱ्यात धरली, पाणी चढलं. पाहुण्यांचं म्हणणं बरोबर होतं. यांनी डोळे मिटून घेतले. मग मी नळी बदलली, दुरडीतला कापसाचा बोळा उपसला, सैलसर पिंजला आणि नळीच्या तोंडावर बसवून वरून मलमलीचं फडकं बांधलं. कापसातून हवेचा दाब पोचतो, पण वारा अडतो. पुन्हा वाऱ्यात धरली. वारा तोच, तितकाच पिसाळलेला. पाणी जागचं हललं नाही.

"पुन्हा," हे म्हणाले. पुन्हा धरली. हललं नाही. तिसऱ्यांदा दुरडी मीच धरली आणि ते गुडघ्यावर बसून नळीकडं बघत राहिले. मग वर बघून म्हणाले, "आता पुन्हा आत जावं लागंल."

त्या मोसमाच्या उरल्यासुरल्या दिवसांत मी तीनदा आत गेले. नळीच्या तोंडावर कापूस बांधलेला. रेघ पहिल्याइतकी चढली नाही, पण चढली. तिन्ही वेळा. हेडमास्तरांनी मित्राला कळवलं, आणि त्यांच्याकडून नळ्यांची एक पेटी आली.

त्या नळ्यांमुळेच यांच्या डोक्यात पुढचं आलं. एका बाटलीनं एका जागेचं कळतं. वावटळीच्या वाटेत आडव्या रांगेत बाटल्या असल्या तर तिच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचं कळेल. त्यासाठी डोक्यावर घागर नेणाऱ्या बायका पाहिजेत.

मला वाटलं, कोण येणार? पण विहिरीवर बायका वर्षभर मला एकच विचारत होत्या. "मास्तरीणबाई, आत काय असतं हो?" मी त्यांना निळ्या तुकड्याचं सांगत होते, सावकाश चढणाऱ्या पानाचं सांगत होते. रांगेचं बोलताच सगळ्यात आधी माळीण म्हणाली, "रान आमचं, वावटळ आमची, मी मधी उभी राहणार." कोष्ट्याची सून आली, सुताराची बायको आली. आणि सासूबाई म्हणाल्या, "मला म्हातारी समजता का? माझी मान अजून सरळ आहे."

पुढच्या चैत्रात आम्ही त्या नांगरटीत रांगेनं उभ्या राहिलो, प्रत्येकीच्या डोक्यावर दुरडी, नळीच्या तोंडाला कापूस बांधलेला. दोन वेळा वावटळ बाजूनं निघून गेली. तिसऱ्यांदा ती सरळ आली, मग एकदम उसाकडं झुकली. माळीण ओरडली, "सरका गं!" आणि आम्ही सगळ्या एका तालात बाजूला सरकलो, मान न हलवता. ती आमच्या रांगेवरून गेली. धुळीत कोणी किंचाळलं, कोणी हसलं, कोणी देवाचं नाव घेतलं. धूळ खाली बसली तेव्हा सगळ्या जागच्या जागी उभ्या, भुवया मातकट झालेल्या.

बांधावर यांनी नळ्या ओळीनं मांडल्या. मधल्या माळणीची रेघ सगळ्यात उंच. तिच्या दोन्ही अंगांना मी आणि सुताराची बायको, आमची त्याहून कमी. एका टोकाला कोष्ट्याच्या सुनेची आणखी कमी. दुसऱ्या टोकाला सासूबाईंची जेमतेम. नळ्यांची ती ओळ एखाद्या टेकडीसारखी दिसत होती. हे काठी टाकून नांगरटीत खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सासूबाई मात्र खट्टू झाल्या. "माझीच बाटली खोटी निघाली का रे?"

"न्हाई आई," हे हसत, डोळे पुसत म्हणाले. "तू कडंला होतीस. कडंला कमी चढायलाच पाहिजे होतं. तुझ्याशिवाय बाकीच्यांचं खरं ठरलं नसतं."

मग त्या साऱ्या गावाला सांगत फिरल्या की त्यांची नळी सगळ्यात महत्त्वाची होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीतच हैदराबादहून बोलावणं आलं. आम्ही बैलगाडीनं परतूरला गेलो आणि तिथून आगगाडीनं. कॉलेजाच्या मोठ्या दालनात उंच पंखे फिरत होते, बाकांवर प्राध्यापक बसलेले. हे उर्दूत बोलले. सुरुवातीला आवाज कापत होता, पण नळ्यांची ओळ टेबलावर मांडल्यावर कापरं गेलं. दोन्ही दिशांनी फिरणं, तापलेली जमीन आणि गार फड, पोटातली विरळ हवा, मधे जास्त विरळ आणि कडेला कमी, सगळं त्यांनी सांगितलं. धाब्यावर आपली पहिली मोजणी चुकीची ठरली होती हेही सांगितलं. शेरवानीवाले प्राध्यापक पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होते.

मागून कोणीतरी विचारलं, "पण इतक्या बाटल्या न हिंदकळता रांगेत धरल्या कुणी? माणसं कुठून आणली?"

हे थांबले, आणि मला म्हणाले, "तूच सांग."

मी उठले. हातपाय गार पडले होते. वावटळीसमोरही इतके पडले नव्हते. मी मराठीत बोलले, ते उर्दूत सांगत गेले. चुंबळीचं सांगितलं, हळदीचं सांगितलं, माळणीनं "सरका गं" म्हटल्याचं सांगितलं. आधी हशा झाला, मग कोणी हसेना. सगळे पुढं झुकून ऐकायला लागले. मी खाली बसले तेव्हा शेरवानीवाले उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग एकेक करत सगळे बाक उठले.

त्या संध्याकाळी प्राध्यापकांच्या घरी जनानखान्यात मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. त्यांच्या बेगमसाहेबांनी डोक्यावर उशी ठेवून चालून बघितलं, उशी दोन पावलांत पडली, आणि साऱ्या बायका हसून हसून लोटपोट झाल्या. निघताना नळ्यांची आणखी एक पेटी मिळाली, पहिलीपेक्षा मोठी.

परतीच्या गाडीत मी ती मांडीवर घेऊन बसले. हे खिडकीबाहेरच्या तापल्या रानांकडं बघत पुढच्या उन्हाळ्याचे बेत मोठ्यानं बोलत होते. रांग दुप्पट लांब करायची, उंचावर पतंगाला बाटली बांधायची. डब्यातली माणसं आधी चोरून ऐकत होती, मग सरकून आमच्या बाकापाशी आली. एकानं विचारलं, "मास्तर, आत काय असतं म्हणता?"

यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, आणि मी सांगायला लागले.